परतीचा रकाना

शेवटच्या पिशव्या उड्डाणाआधी तीन दिवस भरतात,
कारण फळांना यंत्रांइतका धीर नसतो.

माझ्या टेबलावर चोवीस टांकान,
आमच्याच बेटावरची संत्री, जाड सालीची, खरबरीत.
धुतली, पुसली, तोलली,
एकेक कापडी खणात बसवलं.
एकाच्या देठाला पान राहिलं होतं.
पानाला परवानगी नाही.
मी ते खुडलं आणि हातमोज्यात सरकवलं.
चोरी म्हणा हवं तर.

कागदोपत्री हे यान मानवरहित.
पण दार लागण्याआधी मी आत होते,
गुडघ्यांवर, पट्टे आवळत,
हामागामीसाननी धरलेल्या विजेरीच्या उजेडात.
पाण्याच्या पिशव्या, गाळण्या, मोजे,
कुणाच्या तरी मुलीनं काढलेलं पाच पायांचं मांजर,
आणि उरल्यासुरल्या फटींतून हवा.
बाकी सगळ्यावर चिठ्ठ्या होत्या.
हवेवर नव्हती.
तिच्यात माझा अर्ध्या तासाचा श्वास होता.

बाबांची होडी शिमामा बंदरात.
उड्डाणाच्या दिवशी सगळ्या होड्या बांधून ठेवायच्या,
सरकार भरपाई देतं.
"भरपाईचं कालवण होत नाही," बाबा म्हणतात,
आणि धक्क्यावर बसून जाळं सांधतात.

रात्री दोन वाजून अकरा मिनिटांनी
समुद्रावर दिवस झाला.
खडकांच्या सावल्या भलत्याच बाजूला पडल्या.
पाखरूमासे फसले, सकाळ समजून उडाले.
आवाज मागाहून आला,
आधी छातीत, मग कानात.
बाबांनी जाळं खाली ठेवलं नाही.
"नाव काय तिचं?"
नावेला नाव असतंच, असं त्यांचं मत.
मी क्रमांक सांगितला.
"परत कधी?"
"परत नाही. रिकामी झाली की कचरा भरतात, आणि जाळतात."
ते बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिले.
दोरा ओवलेलाच होता.

चौथ्या दिवशी पडद्यावर पाहिलं:
सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वेगात
ती स्थानकाखाली दहा मीटरवर थांबली होती,
दारात चपला काढणाऱ्या पाहुण्यासारखी.
वरून लांब पांढरा हात आला,
जरा अडखळला,
आणि धरलं.

दार उघडलं ते सिग्नेनं.
पाच महिने प्लास्टिक आणि स्वतःचाच वास घेतलेली बाई.
नमस्कार-चमत्कार राहिले बाजूला,
तिनं डोळे मिटले.
"कुणी संत्रं सोललं?"
कुणीच नव्हतं सोललं.
नुसती हवा बाहेर आली होती.

ऑगस्टात तिच्यात भरले
घामट सदरे, चेपलेली पाकिटं, एक मोडका पंखा,
सुकलेल्या साली, वजनाच्या नोंदीसह,
आणि जो कचरा सगळेच करतात पण कुणी सांगत नाही, तोही.
पॅसिफिकच्या दक्षिणेला,
जिथून जहाजंही जात नाहीत,
ती जळाली.
मी तेव्हा दुकानात होते, सुट्टे पैसे मोजत.

संध्याकाळी बाबांना सांगितलं.
त्यांनी वही काढली.
रकाने: तारीख, नाव, माणसं, मासळी, परत.
फेब्रुवारीच्या पानावर आमच्या होडीपुढे "बांधलेली",
आणि त्याखाली, त्यांच्या वाकड्या अक्षरात, तो क्रमांक.
मला माहीतच नव्हतं.
माणसांच्या रकान्यात शून्य लिहून खोडलं होतं.
परतीचा रकाना सहा महिने कोरा.

"फळं पोचली होती ना?"
"चोवीसच्या चोवीस."
"एखादं नासलं?"
"एक."
त्यांनी मान हलवली, हिशेब बरोबर असल्यासारखी.
पेन्सिल जिभेला लावली
आणि परतीच्या रकान्यात लिहिलं:
पोचवून.

ते वाळलेलं पान मी त्याच पानात ठेवलं.
त्यांनी पाहिलं, काही बोलले नाहीत,
वही मिटली,
आणि उद्याची भरती किती वाजता, ते विचारलं.